नजरेला नजर देण्याचे वर्ग

आमच्या वस्तीत 26 वर्षांचा एक मुलगा आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. जळलेली पाण्याची मोटार सकाळी त्याच्यापुढे ठेवली तर संध्याकाळी वाइंडिंग होऊन पाणी चढवायला तयार. तरी तीन मुलाखतींत तो नापास झाला आणि तिन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं: पोरगा समोर बघून बोलत नाही. त्याला ऑटिझम आहे. (मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. तो शब्द आम्हाला पटत नाही. स्वतःत मग्न राहायची चैन या पोरांना कोण करू देतं?) चार घरची धुणीभांडी करणाऱ्या त्याच्या आईने उसने पैसे घेऊन त्याला शहरातल्या एका ‘सोशल स्किल्स’च्या वर्गात घातलं. तिथे शिकवलं की समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचं, मनात तीन मोजायचे, नजर हलवायची, मग हसायचं. चौथ्या मुलाखतीत त्याने अगदी तसंच केलं. बाहेर येऊन आम्हाला म्हणाला, “मोजत होतो ना, म्हणून प्रश्नच ऐकू आला नाही.”

त्याची आजी सांगते, गावात पाटलाच्या वाड्यावरून जाताना आपल्या माणसाने नजर वर केली की तो माज ठरायचा. आजीने मान खाली घातली नाही म्हणून मार खाल्ला आणि नातवाने मान वर केली नाही म्हणून नोकरी हुकली. नजर कुठे ठेवायची हे दोन्ही वेळा ठरवलं कोणी?

सभ्यपणा हा निसर्गनियम असल्यासारखा शिकवला जातो, आमचा आक्षेप इथे आहे. डेमियन मिल्टन नावाचा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहे. त्याने 2012 साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच सत्य आहे. इतरांनाही त्याचं मन कळत नाही. समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची आहे. मग शिकवणी एकाच बाजूला का? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. अस्पृश्यांनी आधी स्वच्छ राहावं, नीट बोलावं, मग बघू, असं सांगणारे सुधारक आपल्या आज्या-पणज्यांनी भरपूर ऐकले.

यातला सरकारी विनोद तर ऐकाच. आपल्या देशात ऑटिझम मोजायला जी ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात, तिच्या 40 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के आरक्षण दिलं. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. म्हणजे ज्या लक्षणावर प्रमाणपत्र मिळतं, त्याच लक्षणावर मुलाखतीच्या टेबलाशी माणूस कापला जातो. त्याच कायद्यात वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे. प्रश्न लिहून द्या, तोंडी परीक्षेऐवजी मोटार उघडायला द्या, एवढंच मागायचं असतं. ते कसं मागायचं याचा सराव त्या वर्गात एक दिवसही झाला नाही.

आता आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनीही राहणीमान बदलायला सांगितलं होतंच की. सांगितलं होतं. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या बायांना लुगडं नेसायची पद्धत बदला, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका, असं सांगितलं. पण कोणाला खूश करण्यासाठी? लादलेली खूण आपणच फेकायची होती, तेही आपल्याच सभेत ठरवून. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी आधीच पिऊन झालं होतं. आधी नीट वागा मग पाणी घ्या, असं बाबासाहेब म्हणाले नव्हते.

म्हणून सराव नकोच असं आम्ही म्हणत नाही. गेलं वर्षभर दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही सहा-सात जण बसतो. कोणाला ऑटिझम, कोणाला एडीएचडी, दोघांकडे कसलंच निदान नाही, फक्त लहानपणापासून ‘येडपट’ हे नाव आहे. शहरातल्या वर्गात हॉटेलात ऑर्डर देण्याचा सराव होता. आम्ही तहसील कार्यालयाची खिडकी, लोकलमधला टीसी, कर्जवसुलीवाल्याचा फोन, रात्री अडवणारा पोलीस यांचा सराव करतो. “मला एका वेळी एकच प्रश्न विचारा” हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव करतो. आयांनाही सराव असतो: पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही. हा सर्वांत अवघड जातो.

एका जागी मात्र आम्ही स्वतःच अडकलो. वर्गाच्या पुस्तकात ओळख वाढवायचे सोपे प्रश्न असतात: नाव, आडनाव, गाव. महाराष्ट्रात हे प्रश्न कशासाठी विचारतात हे आपण जाणतो. आपल्यातला बाकीचा प्रत्येक जण दहाव्या वर्षापर्यंत उत्तर गोल फिरवायला शिकलेला असतो. हा मुलगा शिकला नाही. भाड्याची खोली बघायला गेला, मालकाने “कोणत्यातले?” विचारलं आणि याने सरळ सांगितलं, बौद्ध. खोली गेली. पुढच्या रविवारी आम्ही त्याला ते उत्तर टाळायला शिकवलं. तीनदा घोकून घेतलं. चौथ्यांदा तो म्हणाला, “पण मग मी लपवतोय ना?” आम्ही गप्प बसलो. तो सराव आम्ही बंद केला. खोली त्याला अजून मिळालेली नाही, आणि आम्ही बरोबर केलं का, यावर आमच्यात आजही भांडण आहे.

आणि जरा घरातही बघू या. 14 एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरते तेव्हा आमच्या गटातले चौघे घराच्या आतल्या खोलीत कानावर उशी दाबून बसतात. बापाची जयंती आणि पोरं आत! दुसऱ्यांनी आपल्याला तळ्यावरून हाकललं म्हणून आपण लढलो. आपल्याच पोरांना आपण मिरवणुकीतून हाकलतो, तेव्हा ‘त्याला गर्दी आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो. मिरवणुकीचा पहिला अर्धा तास डीजेशिवाय, फक्त घोषणा आणि निळे झेंडे, अशी मागणी आम्ही उत्सव समितीला लेखी दिली आहे. अर्ज त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला आणि खिडकीवरच्या सरावासारखा पोच मागून घेतली. समितीचे दोघे जण हसले. उत्तर अजून आलेलं नाही.