वैमानिक व्हायचे, पण शिकायचे कोठे?

वसतिगृहातील एखादी मुलगी वा मुलगा ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा आम्हांस आनंद होतो आणि त्याच क्षणी काळजीही वाटते. आनंद यासाठी की, सोयगावच्या कपाशीच्या रानातून विमानाकडे पाहणारी आपली मुले आता ते चालविण्याचा विचार करू लागली आहेत. काळजी यासाठी की, या शिक्षणाचा खर्च ५० लाखांच्या आसपास, कित्येकदा त्याहून पुढे जातो. आपल्या घरांत एवढी रक्कम म्हणजे विकलेले शेत किंवा डोक्यावरचे कर्ज.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, संस्था शोधण्यापूर्वी शरीर तपासून घ्यावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी द्वितीय श्रेणीची, मग प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी होते. दृष्टीतील एखादा दोष शुल्क भरल्यानंतर कळला, तर ते दुःख साऱ्या कुटुंबाचे होते. सोबत बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे आणि इंग्रजी बोलण्याचा सराव हवा. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम इत्यादी विषयांच्या लेखी परीक्षेत ७० टक्के गुण लागतात. ही तयारी उड्डाणाआधीच सुरू करता येते.

त्यानंतर ठिकाणाचा प्रश्न. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज गोंदिया, नागपूर, बारामती, धुळे, शिरपूर, इतकेच नव्हे तर आपल्या शेजारच्या जळगावातही या प्रशिक्षणाची सोय झाली आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेशपरीक्षा असते आणि राखीव जागाही असतात. ‘महाज्योती’ने इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली. अशी सरकारी दारे आधी ठोठवावीत, कर्जाचा विचार नंतर करावा.

संस्था निवडताना माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबू नये. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. मागील तुकडीला ते पूर्ण करण्यास किती महिने लागले? आज प्रत्यक्ष उडणारी विमाने किती, प्रशिक्षक किती? पावसाळ्यात आणि धुक्यात किती दिवस वाया जातात? शुल्क एकरकमी मागतात की उड्डाणाच्या तासांप्रमाणे हप्त्यांनी? हे प्रश्न संस्थाचालकांना विचारावेत, पण उत्तरे तेथील विद्यार्थ्यांकडून मिळवावीत. महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर करण्यास सुरुवात केली आहे, तीही पाहावी. परदेशात तास लवकर भरतात हे खरे. परंतु तेथील परवाना भारतात चालविण्यासाठी येथील परीक्षा व चाचण्या द्याव्याच लागतात, हा वेळ आणि खर्च हिशेबात धरावा. परवान्यानंतर विशिष्ट जातीचे विमान चालविण्याच्या प्रशिक्षणास पुन्हा लाखो रुपये लागतात आणि नोकरीची हमी तरीही नसते, हेही पालकांना आधीच ठाऊक असावे.

ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहून, पारखून स्वीकारावे, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या शाळेत ते रोज शिकविले जाते. लाखांचा व्यवहार करताना त्याचा विसर पडू नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च आपण उचलू शकणार नाही. पण दरवर्षी अशा एक-दोन मुलांच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीचा खर्च उचलू शकतो, आणि कोणत्याही कागदावर सही होण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांसोबत ती संस्था पाहून येऊ शकतो. एका घराचे शेत वाचविण्यास कधीकधी एवढेही पुरेसे असते.