दिवा लावण्यापूर्वी बाविसाव्या दिवसाचा विचार

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी नव्या उद्योगांचे बेत शिजू लागतात. त्यांत अलीकडे एका बेताची भर पडली आहे. खोक्यात दिवा लावायचा, अंडी उबवायची आणि घरच्या घरी पिल्ले काढायची! साहित्य साधे, खर्च बेताचा आणि फळ अद्भुत. त्यामुळे मुलांचा हट्ट पालकांना मोडवत नाही. हा हट्ट पुरवण्याजोगा आहे, यात शंका नाही. वाढणारा जीव डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी शहरातल्या मुलांना क्वचितच मिळते. मात्र खोक्यातील दिवा एकदा लागला की घरात काही जीवांची जबाबदारी येते आणि तिच्याबरोबर आरोग्याचे काही प्रश्नही येतात. त्यांची उत्तरे आधी शोधून ठेवावीत, एवढ्यासाठी हा लेख.

गावाकडे हे काम खुडूक कोंबडी करीत आली आहे. खुडूक झालेली कोंबडी अंडी देणे थांबवते, टोपलीतील पेंढ्यावर ठाण मांडते आणि जवळ येणाऱ्यावर पिसे फुलवून धावते. तिच्या पोटाखालची पिसे विरळ होतात व उघड्या त्वचेची ऊब थेट अंड्यांना मिळते. चोचीने ती अंडी वरचेवर फिरवते. दाणापाण्यासाठी ती दिवसातून थोडा वेळच उठते. या मातेची नक्कल माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठाल्या भट्ट्यांत अंडी उबवीत असत. तापमापक नसल्याने तेथील कारागीर अंडे स्वतःच्या पापणीला लावून त्याची ऊब जोखत. आपल्या घरातील खोके ही त्याच विद्येची धाकटी आवृत्ती होय.

प्रथम अंड्यांविषयी. दुकानातील अंड्यांतून सहसा पिल्लू निघत नाही, कारण अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवीत नाहीत आणि ती अंडी फलित नसतात. ज्या कळपात कोंबडा आहे अशा ओळखीच्या घरातून गावरान, गिरिराज किंवा वनराज जातीची अंडी आणावीत. ती ७ दिवसांहून जुनी नसावीत, तडकलेली नसावीत आणि फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर जंतूंना अडवणारा एक नैसर्गिक लेप असतो, तो धुण्याने निघून जातो. म्हणून मुळातच स्वच्छ अंडी निवडावीत. घरगुती प्रयोगाला सहा ते आठ अंडी पुरे.

पेटी प्लायवूडची असेल तर उत्तम. थर्माकोलचे खोके उष्णता चांगली धरते, पण ते पेट घेते. ते वापरायचे झाल्यास दिवा भिंतींपासून दूर, जाळीच्या आड बसवावा. उष्णतेसाठी ४० ते ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लागतो, एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही. तापमान राखणारा डिजिटल थर्मोस्टॅट, हवा खेळवणारा छोटा पंखा, एक तापमापक, एक आर्द्रतामापक आणि पाण्याची एक पसरट वाटी, एवढा सरंजाम पुरतो. भिंतींना वर व खाली छिद्रे हवीत, कारण कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून गर्भही श्वास घेत असतो. विजेची जोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावी आणि पेटी मुलांच्या हाताला वायर लागणार नाही अशा जागी ठेवावी. अंडी आत ठेवण्यापूर्वी पूर्ण एक दिवस पेटी रिकामी चालवून पाहावी.

आता ऊब. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, हे योग्य तापमान. पंखा नसेल तर वरची हवा खालच्या हवेपेक्षा गरम राहते; तेव्हा अंड्यांच्या माथ्याशी मोजलेले तापमान सुमारे ३८.५ अंश असावे. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, गर्भाला थोडा वेळचा गारवा सोसतो, अतिउष्णता सोसत नाही. कोंबडी दाणे टिपायला उठते तेव्हा अंडी थोडी निवतातच. म्हणून तासभर वीज गेली तर घाबरू नये. पेटीवर छिद्रे मोकळी ठेवून चादर पांघरावी आणि आत गरम पाण्याची बाटली ठेवावी. उलट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ४२ अंशांवर जाते, तेव्हा थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, पण पेटी थंड करू शकत नाही. त्या भागात हा प्रयोग दिवाळीनंतर करणे शहाणपणाचे.

आर्द्रता पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के असावी. कोकणातील पावसाळ्यात पाण्याची वाटी काढून ठेवावी लागेल, कोरड्या हवेत ती दिवसातून दोनदा भरावी लागेल. अंड्यातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर पडावी लागते; ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत साधारण ४४ ग्रॅमचे होते. तेवढ्या जागेत बोथट टोकाशी वायुकोश वाढतो आणि पिल्लू आपला पहिला श्वास त्यातूनच घेते. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. विषम संख्येचे कारण साधे आहे: प्रत्येक रात्रीच्या दीर्घ विसाव्यात अंड्याची बाजू बदललेली राहते. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवल्यास मुलांनाही हिशेब राहतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाशी टॉर्च धरला की आतला संसार दिसतो. लाल तंतूंचे जाळे, मध्ये काळसर ठिपका आणि त्याची हालचाल. हृदयाचे स्पंदन तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू झालेले असते. ॲरिस्टॉटलने अंडी एकेका दिवसाच्या अंतराने फोडून हा क्रम पाहिला होता. आपल्या मुलांना तो अंडे न फोडता पाहता येतो. पण याच वेळी एखादे अंडे स्वच्छ, रिकामे दिसते. एखाद्यात जाळ्याऐवजी रक्ताचे कडे दिसते. तो गर्भ वाढता वाढता थांबला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण ती कुजून फुटली तर जंतू साऱ्या पेटीत पसरतात. ती खाण्यासाठी कधीही वापरू नयेत.

येथे मूल विचारते, “हे मेलं का?” त्याला “झोपलं आहे” असे सांगू नये. लहान मूल झोप आणि मृत्यू यांची सांगड घालून रात्री स्वतः झोपायला घाबरू शकते. “हो, याची वाढ थांबली, सगळीच अंडी उबत नाहीत, कोंबडीखालचीही नाहीत,” इतके सरळ उत्तर पुरते. हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेले असेल तर सातव्या दिवशीचा धक्का सौम्य होतो. ज्या मुलाने अंडी फिरवली, त्याला “तुझ्या हातून हे झालेले नाही” हेही स्पष्ट शब्दांत सांगावे. ते विचारणार नाही, पण मनात धरून बसेल.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे आणि झाकण लावून टाकावे. येथून पुढे माणसाचे काम म्हणजे हात आवरणे. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवचाआडून चिवचिव ऐकू येते, मग एक बारीक टोचा दिसतो आणि त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. घरातील प्रत्येकाला वाटते की, बिचारे अडकले, जरा मदत करावी. ही मदत घातक ठरते. त्या वेळी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातील रक्तवाहिन्या अजून वाहत्या असतात. कवच सोलले तर रक्तस्राव होतो. वारंवार झाकण उघडल्यानेही पापुद्रा वाळून पिल्लाभोवती आवळला जातो. टोच्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. तेवढा धीर धरणे हा या प्रयोगातील सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक लागू पडतो. बाहेर आलेले पिल्लू अंग सुकेपर्यंत आतच राहू द्यावे. पोटातील बलकावर ते दोन दिवस सहज काढते.

आता आपल्या आरोग्याकडे वळू. दिसायला ठणठणीत असलेल्या पिल्लाच्या विष्ठेत व पिसांवरही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, ताप आणि पोटात कळा येतात. निरोगी प्रौढ बहुधा काही दिवसांत बरा होतो. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना मात्र तो आजार गंभीर होऊ शकतो. घरात यांपैकी कोणी असेल तर पेटी दुसऱ्याच्या घरी मांडावी आणि मोठ्या मुलांनी तेथे जाऊन पाहावे. इतरांसाठी नियम थोडे, पण न मोडण्याचे: पेटी व पिल्ले स्वयंपाकघरापासून दूर, अंडी किंवा पिल्लू हाताळल्यावर दर वेळी साबणाने २० सेकंद हात धुणे, पिल्लाचा मुका घेणे नाही, त्याला गालाशी धरणे नाही, भांडी धुण्याच्या मोरीत त्यांची भांडी धुणे नाही. पक्षी अचानक एकापाठोपाठ मरू लागले तर उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता; हा धोका आपल्यासाठी ऐकीव नाही.

राहिला बाविसावा दिवस. पिल्लांना पहिला आठवडा सुमारे ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची असते. खाली भाताचे तूस, उथळ भांड्यात पाणी, पिल्लांसाठीचे स्टार्टर खाद्य आणि पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस, हे सारे हवे. महिन्याभरात ती गोंडस पिल्ले अंगाने भरतात, धूळ उडवतात, उड्या मारतात. त्यांतली साधारण निम्मी कोंबडे निघतात आणि कोंबडा पहाटे बांग देतो, सोसायटीची परवानगी विचारत नाही. मग ती पिल्ले कोठे तरी ‘सोडून’ येण्याचा विचार सुरू होतो. खोक्यात वाढलेले पिल्लू उघड्यावर सोडणे म्हणजे त्याला मांजर, घार आणि थंडी यांच्या हवाली करणे. आणि एकवीस दिवस ज्याची काळजी वाहिली, ते नकोसे झाले की टाकून देता येते, असे मुलाला शिकवणे.

म्हणून पेटी बांधण्याआधी एक फोन करावा. गावी काका-मावशी असतील, ज्यांच्याकडून अंडी आणली ते कुटुंब असेल, ओळखीचा कुक्कुटपालक असेल; पिल्ले चार आठवड्यांची झाल्यावर ती कोण घेणार, कोंबडेसुद्धा घेणार का आणि पुढे त्यांचे काय करणार, हे स्पष्ट विचारावे. ते पुढे ताटात येणार असतील तर मोठ्या मुलांपासून हे लपवू नये. होकार मिळाला तर खुशाल दिवा लावावा. नकार आला तर त्या घरी जाऊन, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना, दुरून पाहावे. त्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.