शंभर रुपयांच्या आतलं तिकीट स्वस्त झालं, पण ते काढायचं कुठे? तालुक्याच्या गावातली टॉकीज का बंद पडते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटाला मात्र १८ टक्के कायम राहिला. मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आत तिकीट क्वचितच मिळतं. म्हणजे ही सवलत मुख्यतः एकपडदा टॉकीजसाठी आहे.

पण बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, खामगाव, चिखली किंवा मेहकरसारख्या गावांना तिचा फायदा तेव्हाच, जेव्हा तिथली टॉकीज सुरू असेल. टॉकीज बंद का पडतात, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘लोक मोबाइलवर बघतात’. ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं उत्तर धंद्याच्या गणितात आहे.

पेटी भुसावळहून यायची

सिनेमाच्या धंद्यात देशाचे नकाशे वेगळे आहेत. विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तरी वितरकांच्या हिशेबात तो आजही ‘सी.पी. बेरार’ या विभागात मोडतो. बुलढाणा जिल्हा जुन्या वऱ्हाडातला, त्यामुळे त्याच विभागातला. या विभागाचा कारभार भुसावळ आणि अमरावतीतून चालायचा. वितरक आणि टॉकीजमालकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटनाही भुसावळचीच. मलकापूरपासून भुसावळ रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर.

रिळांच्या काळात प्रिंट महाग असायची, म्हणून मोजक्याच निघायच्या. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची ठिकाणं आणि शेवटी तालुके, असा तिचा प्रवास. नवा सिनेमा गावात पोहोचायला आठवडे, कधी महिनेही लागत. पण तोवर त्याचं नाव झालेलं असे, आणि तो बघायला दुसरी जागा नसे. मोठ्या टॉकीजच्या शेकडो खुर्च्या याच भरवशावर भरायच्या.

२००५ नंतर डिजिटल प्रक्षेपण आलं आणि सिनेमा उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये पोहोचू लागला. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा त्याच दिवशी तालुक्यातही लागू लागला. हा फायदा होता, पण त्याला दुसरी बाजूही होती. एकाच वेळी हजारो पडद्यांवर लागलेल्या सिनेमाची कमाई पहिल्या आठवड्यातच होऊ लागली. पुढे ओटीटी आलं. आता हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांत घरच्या पडद्यावर येतो.

खुर्च्या ६००, माणसं ४०

हे गणित एका उदाहरणाने पाहू. समजा, टॉकीज ६०० खुर्च्यांची आहे, करापूर्वीचं तिकीट ८० रुपये आहे आणि खेळाला ४० माणसं आली. गल्ला झाला ३,२०० रुपये. वितरकाचा वाटा निम्मा धरला, तर मालकाच्या हातात १,६०० उरले. यातून वीज, कामगार, डिजिटल यंत्रणेचं भाडं आणि दुरुस्ती भागवायची. शिवाय परवाना नूतनीकरणासाठी वीज, बांधकाम, अग्निसुरक्षा यांच्या तपासण्या असतात, त्यांचाही खर्च आहेच.

आता करसवलत बघा. या तिकिटावरचा कर ९.६० रुपयांवरून ४ रुपयांवर आला. ४० प्रेक्षकांमागे फरक पडला २२४ रुपयांचा. मदत आहे, पण ५६० रिकाम्या खुर्च्यांचं ओझं तिने हलत नाही.

त्यात टॉकीज सहसा गावाच्या मध्यवर्ती भागात असते. तिथे दुकानांचा गाळा दरमहा ठरावीक भाडं देतो, टॉकीजचं मात्र दर शुक्रवारी नशीब ठरतं. कोरोनाकाळात महाराष्ट्रातली चित्रपटगृहं मार्च २०२० मध्ये बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या क्षमतेने उघडली आणि नंतर पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. आधीच काठावर असलेल्या मालकांसाठी हा काळ निर्णायक ठरला.

फटका कुणाला?

सगळ्यात मोठा फटका मराठी सिनेमाला बसतो. मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवावा, असं राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवलं. पण हा नियम मल्टिप्लेक्स आहे तिथेच उपयोगाचा, आणि मोठ्या साखळ्या तालुक्याच्या गावात सहसा जात नाहीत. दादा कोंडकेंच्या सिनेमांना रौप्यमहोत्सव दिले ते टॉकीजच्या प्रेक्षकाने. २०१६ मध्ये ‘सैराट’ लागला, तेव्हा छोट्या गावांतही रांगा लागल्या. म्हणजे प्रेक्षक आहे, पण त्याच्या जवळ पडदा नाही. अकोला किंवा जळगावला जायचं, तर चौघांच्या कुटुंबाला तिकिटाआधी प्रवासाचाच खर्च जड जातो.

मग मार्ग काय?

मुंबईच्या इरॉसचं उदाहरण बोलकं आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या चित्रपटगृहात हजाराहून जास्त खुर्च्या होत्या. काही वर्षं बंद राहून २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, ते सुमारे ३०० खुर्च्यांचा आयमॅक्स पडदा घेऊन. बाकीच्या इमारतीला दुसऱ्या व्यवसायांचा आधार मिळाला.

तालुक्याला आयमॅक्सची गरज नाही, पण तत्त्व तेच लागू पडतं. खाली दुकानं, वर १०० ते १५० खुर्च्यांचे एक-दोन पडदे. ४० प्रेक्षक ६०० खुर्च्यांत हरवतात, १२० खुर्च्यांत मात्र एक तृतीयांश सभागृह भरतं आणि वीज-वातानुकूलनाचा खर्चही आटोक्यात राहतो. त्यासाठी मालकाला बांधकामाचं कर्ज, सोपे परवाने आणि छोट्या सभागृहाला साजेसे नियम हवेत. चीनमध्ये ८० हजारांहून जास्त पडदे आहेत, भारतात दहा हजारांच्या आसपास. त्यातलेही बरेचसे मोठ्या शहरांत एकवटलेत.

कर कमी करणं ही सुरुवात झाली. पण स्वस्त तिकिटाला आधी खिडकी लागते. ती तालुक्यात उघडी राहिली नाही, तर ५ टक्क्यांची सवलत कागदावरच राहील.