विश्लेषण : कपाटातला जुना मोबाईल क्रिप्टोची तिजोरी होईल का?

बेळगाव : वझीरएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झालं. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका वॉलेटवर दरोडा पडला होता. साधारण २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासचं क्रिप्टो एका दिवसात गेलं. त्यानंतर ग्राहकांचं उरलेलं क्रिप्टो सव्वा वर्ष अडकून पडलं. तोडगा निघाला तो सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण मूळ कंपनी तिथली. तोही पूर्ण भरपाईचा नाही. उरलेल्या हिश्श्यापोटी हातात ‘रिकव्हरी टोकन’ पडले. टिळकवाडीत किंवा निपाणीत बसून दरमहा हजार-दोन हजार गुंतवणाऱ्याला आपल्या पैशाचा निकाल परदेशातल्या कोर्टात लागतो, हे तेव्हाच कळलं.

साधारण एक वर्षाने, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्सच्या खात्यातून ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ते खातं कंपनीचं स्वतःचं होतं, ग्राहकांच्या पैशाला धक्का नाही, तोटा आम्ही सोसतो, असं कंपनीने सांगितलं. पण दुधाने तोंड पोळलेल्यांनी ताक फुंकायला सुरुवात केली होतीच. बुडालेल्या सोसायट्यांच्या दारातल्या ठेवीदारांच्या रांगा या जिल्ह्याने पाहिल्यात. त्यामुळे ‘दुसऱ्याकडे कशाला, आपलं आपल्याकडे ठेवू’ हा विचार इथे लवकर पटतो. हार्डवेअर वॉलेट घ्यायचं तर काही हजार रुपये जातात. मग सल्ला येतो : घरात जुना स्मार्टफोन पडलाय ना, तोच नेटपासून तोडा आणि वॉलेट करा.

सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धा सांगितला जातो.

फोनमध्ये नेमकं असतं काय?

बिटकॉइन फोनमध्ये ‘ठेवलेलं’ नसतं. कुणाच्या नावे किती, याची जगभर उघडी असलेली एक खतावणी आहे, नोंद त्यात असते. फोनमध्ये असते ती सहीची गुप्त किल्ली. ती ज्याच्याकडे, त्याची सही खरी. खतावणी नाव-गाव विचारत नाही. एक्स्चेंजवर क्रिप्टो असतं तेव्हा ही किल्ली कंपनीकडे असते, आणि ग्राहकाला दिसतो तो फक्त कंपनीने दाखवलेला शिल्लक आकडा.

दोन फोनांची पद्धत चेकबुकासारखी आहे. रोजच्या, नेट असलेल्या फोनवर ‘फक्त बघण्याचं’ वॉलेट असतं. त्यात शिल्लक दिसते, नवीन रक्कम घेता येते, पण खर्च करता येत नाही. पैसे पाठवायचे झाले की हा फोन चेक लिहितो, म्हणजे कुणाला आणि किती एवढं भरून क्यूआर कोड दाखवतो. नेट नसलेला जुना फोन तो कोड कॅमेऱ्याने वाचतो, पत्ता आणि रक्कम पडद्यावर दाखवतो, सही करतो आणि सही केलेला व्यवहार दुसऱ्या क्यूआर कोडात परत देतो. रोजचा फोन तो नेटवर सोडतो. किल्ली जुन्या फोनच्या बाहेर पडतच नाही. एअरगॅप व्हॉल्टसारखी ॲप याच कामासाठी बनवलेली आहेत.

यात क्रम महत्त्वाचा. आधी फोन फॅक्टरी रिसेट, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर, गुगल खातं जोडायचं नाही. ॲप अधिकृत ठिकाणाहूनच एकदा घालून घ्यायचं, मग वाय-फायचा पासवर्ड विसरायला लावायचा, ब्लूटूथ बंद, एअरप्लेन मोड चालू. किल्ली तयार करायची ती यानंतर. आधी किल्ली आणि मग नेट बंद, असं केलं तर सगळी मेहनत पाण्यात. त्यानंतर ‘जरा एक व्हिडिओ बघू’ म्हणून मुलांच्या हातात तो फोन द्यायचा नाही. एकदा जरी नेटला लागला तरी तो पुन्हा साधा फोन झाला.

जुना म्हणजे अगदी अडगळीतला फोनही नको. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकडे काढण्याच्या व्यवस्थेत दोष सापडला होता. त्यामुळे त्या काळी फोनवर तयार झालेल्या किल्ल्यांचा अंदाज बांधता येत होता आणि लोकांचे बिटकॉइन खरोखर चोरीला गेले. फार जुन्या फोनांत आतली माहिती कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेलीही नसते. फोन चोरणाऱ्याला मग पिनची गरज पडत नाही. आणखी एक, म्हटलं तर फुटकळ गोष्ट : शून्यावर उतरलेली बॅटरी वर्षभर कपाटात पडली तर फुगते. फोन अर्धा चार्ज करून ठेवायचा आणि दोन-तीन महिन्यांनी काढून बघायचा.

ऑफलाइन असूनही दरोडा पडतोच

इथे वझीरएक्सकडे परत यावं लागतं, कारण त्या दरोड्यातली एक गोष्ट बहुतेकांनी लक्षातच घेतली नाही. लुटलं गेलेलं वॉलेट काही ऐऱ्यागैऱ्या फोनवरचं नव्हतं. एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागणारं ते वॉलेट होतं. सह्या करणाऱ्यांच्या किल्ल्या हार्डवेअर वॉलेटवर होत्या, आणि शिवाय ताबा सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची सही वेगळी लागायची. तरी गेलं. सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही होत होती भलत्याच व्यवहारावर. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजचे दीड अब्ज डॉलर गेले, तेही ‘कोल्ड’ म्हणवणाऱ्या वॉलेटमधून आणि जवळपास याच रीतीने. दोन्हींच्या मागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिकेने जाहीर केलं.

जुन्या फोनवाल्याने यातून घ्यायचं ते एवढंच : किल्ली ऑफलाइन ठेवली की किल्ली चोरीला जाणं अवघड होतं, पण फसवून सही घेणं अवघड होत नाही. रोजच्या फोनमधला व्हायरस पत्ता बदलून क्यूआर कोड बनवू शकतो. तो बदल पकडायची एकच जागा, जुन्या फोनचा पडदा. तिथला पत्ता, ज्याला पाठवायचे त्याच्याकडून मिळालेल्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून बघायचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे पुष्कळ, आणि ठगांनाही ते माहीत आहे. साध्या बिटकॉइन व्यवहारात हे ताडणं जमतं. इथेरियमवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या व्यवहारात पडद्यावर नुसती आकड्या-अक्षरांची जंत्री येते. ती समजत नसेल तर सही न करणंच बरं.

बारा शब्द आणि सीमाभाग

खरी मेख मात्र फोनमध्ये नाही, कागदात आहे. किल्ली तयार होताना ॲप बारा किंवा चोवीस शब्द दाखवतं. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातलेच हे शब्द. फोन फुटला, पाण्यात पडला, तरी हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या फोनवर टाकले की सगळं परत मिळतं. उलट अर्थही तितकाच खरा : शब्द ज्याने वाचले त्याला फोनची गरजच नाही.

म्हणून मोबाईलच्या दुकानातल्या पोराकडून ‘सेट करून’ घेण्याचा मोह टाळायचा. तो प्रामाणिक असेलही, पण वॉलेट त्याच्यासमोर तयार झालं की शब्द त्याच्यासमोरही आले. शब्दांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत. ‘स्पार्ककॅट’ नावाचा प्रकार कॅस्परस्की कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केला. गुगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअरवरच्या ॲपमध्ये लपलेला हा प्रोग्राम फोनमधले फोटो वाचून असे शब्द शोधत होता.

शब्दांची ही यादी इंग्रजीशिवाय जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज या भाषांत आहे. मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. फलकांवरून जिथे आंदोलनं होतात, तिथे या एका बाबतीत तरी दोन्ही बाजूंवर सारखाच अन्याय म्हणायचा. यातून एक साधी पण महाग चूक संभवते. इंग्रजी शब्द ऐकून किंवा घाईत वाचून देवनागरीत लिहिणारे घरोघर आहेत. कागदावर ‘राइट’ लिहिलं तर ते ‘बरोबर’ की ‘लिहिणे’? हे दोन्ही इंग्रजी शब्द त्या यादीत आहेत, स्पेलिंग वेगळी. एखाद्या शब्दाचा घोळ जाणकार माणूस निस्तरू शकतो, चार-पाच शब्दांचा नाही. शब्द रोमन लिपीत, सुट्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहायचे. घरात जी व्यक्ती ते पुढे वापरणार, तिच्याकडून एकदा वाचून घ्यायचे.

पण घरात अशी व्यक्ती असते का? बँकेतला ठेवीदार गेला तर वारस असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरीही वारस नंतर मागू शकतो. एक्स्चेंजकडे निदान केवायसी असतं, अर्ज करायला एक दार असतं. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असं मद्रास हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात म्हटलं. म्हणजे वारसांचा हक्क सांगायला आधार आहे. मात्र कोर्टाचा आदेश कंपनीवर बजावता येतो. कपाटातल्या फोनवर कुणाला बजावणार?

आणि कपाटातला फोन कपाटात राहीलच, याची खात्री काय? जुने, बंद पडलेले मोबाईल द्या, बदल्यात भांडी, बादल्या घ्या, असं लाऊडस्पीकरवर ओरडत फिरणारे गल्लीबोळांत येतात. तेलंगणात २०२४ मध्ये पोलिसांनी असे गोळा केलेले हजारो फोन पकडले; ते सायबर गुन्हेगारांकडे जाणार होते, असं पोलिसांचं म्हणणं. दिवाळीच्या साफसफाईत ‘हा डब्बा कशाला ठेवलाय’ म्हणून तो फोन बादलीच्या बदल्यात गेला, तर देणाऱ्या बाईंची काहीच चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये अशीच कचऱ्यात गेली. तिच्यावर सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खोदू द्या, म्हणून तो कोर्टात गेला. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला.

तेव्हा फोनवर मोठी रक्कम नेण्याआधी एक परीक्षा घ्यायला हवी. पाचशे-हजार रुपयांचं क्रिप्टो त्यात टाकायचं, फोन पूर्ण पुसायचा आणि घरच्या दुसऱ्या माणसाने केवळ कागदावरून ते परत आणून दाखवायचं. जमलं तर पुढे जायचं. नाही जमलं, तर सध्या एक्स्चेंजचा धोका घरच्या धोक्यापेक्षा कमी आहे, असा हिशेब निघतो. क्रिप्टोप्रेमींना तो आवडणार नाही, पण छोट्या रकमेच्या आणि तंत्राची आवड नसलेल्या घरांसाठी तोच खरा आहे. ज्यांची बरीच मोठी रक्कम आहे त्यांनी काही हजार वाचवायला जुना फोन वापरावा, हेही पटण्यासारखं नाही. त्यांनी हार्डवेअर वॉलेटच घ्यावं.

राहिला आयकर. एक्स्चेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये क्रिप्टो हलवणं म्हणजे विक्री नव्हे, त्यावर कर लागत नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस आहे, तोटा कशातच वळता करता येत नाही, आणि वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची. ती किंमत सिद्ध करणारा कागद एक्स्चेंजकडे असतो. फोनकडे नसतो, खतावणीतही रुपये लिहिलेले नसतात. एक्स्चेंज बंद पडलं किंवा लॉगिन गेलं, तर पाच वर्षांनी विकताना खरेदी किती रुपयांना केली, हे सांगायला पुरावा उरत नाही आणि अख्ख्या विक्रीवरच कर भरायची वेळ येऊ शकते. त्यामुळे क्रिप्टो बाहेर काढायच्या दिवशीच खरेदीची सगळी स्टेटमेंटं आणि कापलेल्या एक टक्का टीडीएसचे तपशील उतरवून छापून ठेवायचे. फक्त ती बारा शब्दांच्या कागदासोबत एकाच पाकिटात नकोत. जुलैमध्ये विवरणपत्र भरायला सीएकडे जाताना तेच पाकीट हातात असतं.