हेडलाइटला गॉगल कशाला?

आज संध्याकाळी तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारा, गाड्यांच्या तोंडाकडे बघत. सात-आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या बऱ्याच गाड्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला दिसेल. बॉडी चकाचक, सीट कव्हर नवं, डॅशबोर्डवर बाप्पा आणि हेडलाइट मात्र बाथरूममधल्या जुन्या मगासारखे पिवळट, धुरकट. त्याच रांगेत एखादी गाडी अशीही असेल, जिचे हेडलाइट मालकानं हौसेनं काळे करून घेतलेत. म्हणजे एकाचा उजेड वयानं कमी झाला आणि दुसऱ्यानं पैसे मोजून कमी करून घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे. हेडलाइटवर फिल्म लावा. जरूर लावा, घरच्या घरी लावा, त्यात मजाही आहे. पण ती पारदर्शक असू द्या. स्मोक नको, पिवळी नको, ती निळसर चमकणारी ‘कॅमेलिऑन’ तर नकोच नको. आता लगेच ‘आली मोठी आरटीओ’ म्हणू नका. चार महिने मी स्वतः स्मोक फिल्म लावलेली गाडी चालवलीय.

गाडी बाबांची, अकरा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावानं कुठलं तरी रील बघून काळसर फिल्मचा रोल मागवला. दुपारभर आम्ही दोघं हेअर ड्रायर घेऊन गाडीपुढं मांडी ठोकून बसलो होतो. काम झाल्यावर गाडी खरंच भारी दिसत होती, खोटं कशाला बोलू! खाली पिवळे पडलेले हेडलाइट झाकले गेले होते. बाबा बाहेर आले, त्यांनी गाडीकडं बघितलं आणि विचारलं, “रात्री दिसणार का यातून?” भाऊ म्हणाला, “बाबा, लुक बघा ना.” बाबा चहा प्यायला आत गेले. आमच्या घरात याचा अर्थ ‘करा काय करायचं ते’ असा होतो.

शहरात फरक कळलाच नाही. पुण्यात रस्त्यावर दिवे असतात, समोरच्या गाड्यांचा उजेड असतो. आपला हेडलाइट चालू आहे की बंद, हेही कधी कधी लक्षात येत नाही. गडबड झाली ती डिसेंबरमध्ये, लोणंदहून फलटणकडे जाताना. त्या भागातले असाल तर पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मी पन्नास-पंचावन्नच्या स्पीडला होते. रस्ता मोकळा वाटत होता, आणि एकदम समोर उसाचं वाढं आलं. गाडी नाही, बैल नाही, नुसतं लोंबणारं वाढं. ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. थांबले तेव्हा बोनेट आणि ऊस यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

उसाच्या ढिगावर एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं पोरगं. ती घाबरलेली, मी तिच्याहून जास्त. गाडीवान खाली उतरून मागं आला, पण काही बोलला नाही. बोलली ती. “ताई, लाइट तरी लावायची ना. गाडी येतीय ते कळलंच नाही.”

माझे लाइट लावलेले होते.

टायरगाडीच्या मागं रिफ्लेक्टर नव्हता, हे खरं आहे. घरी आल्यावर हे मी चारचौघांना मोठ्या आवाजात सांगितलं. कारखान्यांनी, पोलिसांनी रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर हंगामात काढायलाच हव्यात. पण तिचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मला ती दिसली नाही, हे एक. तिला मीसुद्धा दिसले नव्हते. हेडलाइट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो तसाच आपण रस्त्यावर आहोत हे दुसऱ्याला कळावं म्हणूनही असतो. आम्ही दोघा भावंडांनी एका दुपारी, हसत-खेळत, या दोन्ही गोष्टींवर पडदा टाकला होता.

नंतर नियम शोधून वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये 105 क्रमांकाचा नियम आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून गाडीचे दिवे असे लागले पाहिजेत, की पुढे 155 मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. ताशी साठच्या वेगानं तुम्ही एका सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाता. म्हणजे 155 मीटरवरची वस्तू दिसली तर हातात नऊ सेकंद असतात. तीच वस्तू पन्नास मीटरवर दिसली, तर तीन. त्या तीन सेकंदांत आधी ‘अरे, हे काय?’ म्हणण्यात एक-दीड जातो. खिडक्यांच्या काळ्या फिल्मवर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, पोलिसांनी चौकाचौकांत त्या फिल्म उतरवल्या, त्याच्या बातम्या झाल्या. पण खिडकीची फिल्म निदान आतल्या माणसाला लपवते. हेडलाइटची फिल्म बाहेरच्या माणसाला लपवते, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

“पण मी एलईडी टाकलेत, उजेड भरपूर आहे,” असं सांगणारा एक जण तुमच्या ग्रुपमध्येही असेल. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबला, की उजेड जिथं पडायला हवा तिथं पडेलच याची खात्री नसते. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वर स्मोक फिल्म लावायची म्हणजे तिखट जास्त झालं म्हणून भाजीत साखर घालण्यासारखं. दोन चुकांची बेरीज होते, वजाबाकी नाही.

मुळात हेडलाइट पिवळे का पडतात? अँबेसेडर, पद्मिनीच्या जमान्यात गोल दिवे असायचे आणि त्यांना खरी काच असायची. काच फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आता आपण जिला काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. जुन्या सीडी त्याच्याच, हेल्मेटच्या व्हायझरसाठीही तेच वापरतात. हलकं, चिवट, हव्या त्या आकारात वळणारं. एकच दुखणं, उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कंपनी त्याच्यावर एक कडक, पारदर्शक थर देते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन, वाळू-खडे खाऊन तो थर झिजतो, तडकतो, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. मग पिवळेपणा आणि धुरकटपणा. असा हेडलाइट दुहेरी नुकसान करतो. पुढं जाणारा उजेड घटतो, आणि जो जातो तो फाकून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

इथं टूथपेस्टवाले मध्ये येतात. टूथपेस्ट चोळून हेडलाइट चमकवायचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो खोटा नाही, म्हणून जास्त फसवा आहे. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पावडरच, ती वरचा पिवळा थर खरवडते. पण त्याबरोबर उरलासुरला संरक्षक थरही जातो, आणि काही महिन्यांत हेडलाइट पुन्हा पूर्वपदावर येतो. डास पळवायचं औषध फवारून चमकवणारेही आहेत. डीट असलेलं ते औषध प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवतं. ते औषध डासांसाठीच ठेवा.

खरा उपयोग आहे तो पारदर्शक फिल्मचा. तिचं काम म्हणजे आपल्याऐवजी मार खाणं. ऊन ती खाते, खडे ती खाते. काही वर्षांनी तीही पिवळी पडते, पण ती सोलून फेकता येते, हेडलाइट नाही. जून महिन्यात नव्या पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालायचो ना, तेच लॉजिक. फक्त घेताना ‘पीपीएफ’ विचारा, म्हणजे गाडीच्या पेंटवर लावतात ती पॉलियुरेथेनची जाड, ताणली जाणारी फिल्म, आणि ती अतिनील किरण अडवते का तेही विचारा. साधं पातळ व्हायनल स्वस्त मिळतं, पण ते वळणावर नीट बसत नाही आणि खड्यांपुढं टिकत नाही.

गाडी नवी असेल तर नशीबवान आहात, धुऊन-पुसून थेट लावा. जुनी असेल तर आधी घासायचं, आणि हा भाग टाळायचा नाही. मोतीबिंदूवर चष्मा लावून काय उपयोग? आम्ही गेल्या महिन्यात हे पुन्हा केलं, या वेळी अक्कल वापरून. सकाळी लवकर, सावलीत, गाडी थंड असताना. आधी जमिनीवर पाणी शिंपडलं, कारण धुळीचा एक कण फिल्मखाली गेला की तो रोज डोळ्यांत खुपतो. हेडलाइटच्या कडेनं मास्किंग टेप, नाहीतर पॉलिश पेपर बॉनेटचा रंगही काढतो. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी 800 नंबरचा, मग 1000, 1500, 2000, शेवटी 3000. मधला नंबर गाळायचा मोह होतो. तो गाळला की आधीचे ओरखडे तसेच राहतात. घासताना पिवळट दुधासारखं पाणी निघतं आणि हेडलाइट आधीपेक्षा वाईट, पांढराफटक दिसायला लागतो. या क्षणी घरातलं कुणी तरी ‘वाट लावलीत’ म्हणतंच. म्हणू द्या. पुढचे कागद आणि शेवटी रबिंग कंपाउंड फिरवलं की काच परत येते. बाबा तेव्हाच बाहेर आले होते. या वेळी ते आत गेले नाहीत, बादली बदलून आणली.

पण घासून थांबायचं नाही. कंपनीचा थर आता पूर्ण गेलेला असतो, म्हणजे हेडलाइट उघड्या अंगानं उन्हात उभा. नीट घासून फिल्म न लावणं हे टूथपेस्टचंच थोरलं भावंड.

फिल्मच्या आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, तेलकटपणा राहता कामा नये. फिल्म सगळीकडून दोन-दोन इंच मोठी कापायची. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि बेबी शाम्पूचे चार थेंब. काच ओली, फिल्मची चिकट बाजू ओली, बोटंही ओली. मोबाइलच्या स्क्रीन गार्डची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं, पण ओलाव्यामुळंच फिल्म सरकवता येते, चुकली तर उचलून पुन्हा ठेवता येते. ठेवली की मधून कडेकडे पाणी काढत जायचं, फिल्मच्या वरूनही पाणी मारून, म्हणजे स्क्वीजी अडखळत नाही. वळणावर सुरकुती आली तर हेअर ड्रायरची कोमट हवा द्यायची आणि हलकंच ताणायचं. गरम करून खेचायचं नाही, आमचा पहिला तुकडा तसाच वाया गेला. कापताना ब्लेड नवं असू द्या आणि हात हलका. काचेवर दाबून ब्लेड फिरवलंत तर तो ओरखडा फिल्मबरोबर जात नाही. फिल्म हेडलाइटच्या कडेपासून एखादा मिलिमीटर आत संपवा, कडेला टेकली की तिथं माती धरते आणि ती उचकटते.

सगळं मिळून आम्हाला एक सुट्टी लागली आणि खर्च हजाराच्या आत आला. अख्खा हेडलाइट बदलायचा म्हटलं तर, विशेषतः एलईडीवाल्या गाड्यांत, आकडा ऐकून खाली बसावं लागतं. दोन-तीन दिवस फिल्मखाली पाण्याचे धुरकट डाग दिसतात, ते सुकून जातात. तेवढे दिवस गाडी धुऊ नका. आणि एक काम त्याच रात्री करा. अंधारात भिंतीपासून पाच-सहा मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पडतोय का, कडा नीट दिसतेय का, ते बघा. आम्ही बघितलं तेव्हा भाऊ बराच वेळ भिंतीकडं बघत उभा होता. मग म्हणाला, “ताई, आपण चार महिने अंधारातच फिरत होतो की.”

लुकचं काय, असा प्रश्न अजून असेलच, तर मग गाडीला पट्टे मारा, नियमात बसतील अशी अलॉय व्हील्स टाका, छतावर काळी फिल्म लावा. छताला कुठं बघायचंय?

डाव्या हेडलाइटच्या खालच्या कोपऱ्यात तिळाएवढा एक बुडबुडा राहिलाय. भाऊ रोज सुई घेऊन येतो. मी म्हणतेय, पाणी असेल तर सुकेल, आठ दिवस थांब. आज पाचवा आहे.