पर्सेंटाइलमागचे गुणही दाखवा

संगणकावरच्या परीक्षेला मुले घाबरतात, हा समज आता जुना झाला. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. शंका असलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचे, वेळ उरला की परत यायचे, हे तालुक्याच्या गावातल्या मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. ओएमआर पत्रिकेवर एकदा काळे केलेले वर्तुळ खोडता येत नसे. इथे वेळ संपेपर्यंत उत्तर बदलता येते. ही सोय मुलांना मनापासून आवडते.

त्यांना धास्ती असते ती निकालाची. लाखो विद्यार्थी एकाच वेळी संगणकासमोर बसवता येत नाहीत. म्हणून अनेक सत्रे आणि प्रत्येक सत्राची वेगळी प्रश्नपत्रिका. एक सोपी, दुसरी अवघड निघणारच. त्यावरचा उपाय म्हणजे पर्सेंटाइल: तुमच्या सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, त्याचा आकडा. तत्त्व रास्त आहे. मात्र प्रत्येक सत्रात साधारण सारख्याच तयारीची मुले बसली, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते पडताळायचे कसे? सात दशांश स्थळांपर्यंतचा पर्सेंटाइल हाती येतो, पण त्यामागचे 200 पैकी नेमके गुण निकालपत्रक सांगत नाही.

2025 मध्ये 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे तब्बल 21 प्रश्न सदोष निघाले. सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा 5 मे रोजी घ्यावी लागली. फेरपरीक्षेचा निर्णय योग्यच होता. पण गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्न चुकीचे असताना पेपर मुलांपुढे गेलाच कसा? ही चूक संगणकाची नव्हे, प्रश्न तपासणाऱ्यांची. उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायचा तर एका प्रश्नामागे 1,000 रुपये भरायचे. जेईई मेनसाठी हेच शुल्क 200 रुपये आहे. शेतमजुराची मुलगी इतके पैसे कुठून आणणार?

मागच्या काळात परतून, पुन्हा कागदावर परीक्षा घेऊन हे सुटणार नाही. सीईटी कक्षाने पर्सेंटाइलसोबत मूळ गुण छापावेत, प्रत्येक सत्राची सरासरी आणि सर्वोच्च गुण जाहीर करावेत आणि आक्षेप खरा ठरल्यास शुल्क परत करावे. वर्षभर राबलेल्या मुलाला आपला निकाल स्वतः पडताळता आला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.