कल्पनेतील भाषांचे कूळ आणि आपली मराठी

आम्हां शिक्षकांना वर्गात एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : "घरी आम्ही क्रिओल बोलतो, मग मराठी कशाला शिकायची?" परीक्षेतील गुण हे काही त्याचे खरे उत्तर नव्हे. उत्तर शोधताना आम्हांला एका कल्पित जगाची आठवण होते.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी पुढे कथा लिहिल्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) हे त्याचेच फळ. त्यांनी आपल्या भाषांचा वंशवृक्षही काढला होता. त्यांच्या एल्फ लोकांची मूळ भाषा एक. काही जण समुद्र ओलांडून पश्चिमेस गेले, काही मागे राहिले. दीर्घ काळ लोटला आणि तिकडे क्वेन्या झाली, इकडे सिंदारिन. 'शब्द' या अर्थी क्वेन्यात 'क्वेत्ता', तर सिंदारिनमध्ये 'पेथ'. ऐकायला परके, पण जुन्या 'क्व'चा सिंदारिनमध्ये 'प' होतो हे कळले की दोन्ही एकाच घरची लेकरे ठरतात.

हा खेळ आपल्या बेटावर घरोघरी खेळता येईल. मराठीत 'सात', भोजपुरीत 'सात', फ्रेंच आणि क्रिओलमध्ये 'सेत'. संस्कृत 'सप्त' आणि लॅटिन 'सेप्तेम' ही दूरची भावंडे. मुलाने स्वतःच्या हाताने असा वृक्ष काढला तर मराठी त्याला परकी वाटणार नाही, आणि क्रिओलला मोडकी फ्रेंच म्हणून हिणवण्याची वाईट खोडही सुटेल.

पण त्या कथेत एक इशाराही आहे. समुद्रापलीकडे गेलेल्यांपैकी काही जण परत आले. तिथल्या राजाने त्यांच्या भाषेवर बंदी घातली. हळूहळू रोजच्या बोलण्यात सिंदारिन आली; क्वेन्या उरली ती समारंभापुरती, गाण्यापुरती आणि विद्वानांच्या पोथ्यांपुरती. आईच्या मांडीवर ती कोणी शिकेना.

वाचकहो, हे वाचून आपल्याला काही आठवले का? १८३४ पासून गिरमिटिया मजुरांची जहाजे या बेटावर येऊ लागली. त्या काळात आपले पूर्वजही समुद्र ओलांडून आले. आज गणेश चतुर्थीला आरती मराठीत होते, झाकरीची गाणी मराठीत होतात. आरती संपली, प्रसाद वाटला, की सगळे क्रिओलमध्ये बोलू लागतात. आपल्यावर तर कोणा राजाची बंदी नाही!

क्रिओल आपलीच आहे, ती सोडा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की शिक्षकांनी एक तास भाषांच्या वंशवृक्षाला द्यावा, आणि आईबापांनी रोज जेवताना चार वाक्ये मराठीत बोलावीत. चुका झाल्या तरी हसू नये. देवघरात ठेवलेली भाषा पूजली जाते. जगते मात्र ती स्वयंपाकघरात.